उद्याचा पाऊस चुकतो, मग पन्नास वर्षांनंतरचं कसं सांगता?

प्रश्न : उद्या पाऊस येईल की नाही हे धड सांगता येत नाही. मग सुपरकॉम्प्युटरवरच्या मॉडेलने काढलेलं 50 वर्षांनंतरचं तापमान कशावरून खरं मानायचं? आणि यंत्र एवढं वेगवान, तर उत्तराला महिने का लागतात?

उत्तर : मराठीत आजच्या हवेलाही आपण ‘हवामान’ म्हणतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही. घोळ तिथूनच सुरू होतो. मी हवामान मॉडेलच्या, म्हणजे हवा आणि समुद्राचं गणित सोडवणाऱ्या संगणकीय प्रोग्रामच्या, कोडवर काम करते. एकदा तोच कोड, तीच सुरुवातीची माहिती घेऊन मी फक्त प्रोसेसरची संख्या दुप्पट केली, तर उत्तर बदललं! आधी पंधराव्या अंकात फरक. मॉडेलमधला महिना उलटेपर्यंत एका रनमध्ये (मॉडेल एकदा चालवणं म्हणजे एक रन) समुद्रावर वादळ आणि दुसऱ्यात त्याच जागी निरभ्र आकाश. आठवडाभर मी बग शोधत बसले. निघाला तो बेरजेचा क्रम. संगणक ठरावीक अंकांपुढचं सोडून आकडा जवळच्या अंकावर आणून ठेवतो, त्यामुळे तेच आकडे वेगळ्या क्रमाने मिळवले की शेवटी कणभर फरक उरतो. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांना 1961 मध्ये हेच दिसलं होतं: 0.506127 ऐवजी 0.506 टाकलं आणि पुढची सगळी हवाच पालटली.

मग मी दोन्ही रन तीस वर्षं पुढे नेले आणि सरासरीचे नकाशे एकावर एक ठेवले. पावसाचे पट्टे, थंडीतलं तापमान, सगळं जवळपास जुळलं. वादळाची तारीख सुरुवातीच्या आकड्यांवर अवलंबून असते. सरासरी ठरते ती सूर्याकडून येणारी ऊर्जा, हवेतला कार्बन डायऑक्साइड, समुद्रात मुरणारी उष्णता यांवर. 1967 मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी हवेचा एकच उभा स्तंभ घेऊन गणित मांडलं: कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान दोन अंशांहून थोडं जास्त वाढेल. आजही ते वाचताना मला भरून येतं.

वेळ खातात ते ढग. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं, बऱ्याचदा सुमारे 100 किलोमीटरचे. पावसाळी ढग त्यात हरवून जातो, म्हणून त्याचा परिणाम अंदाजी सूत्राने धरावा लागतो. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, शिवाय वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो, नाहीतर गणित फुटतं. म्हणजे काम आठपट. असं पाच वेळा केलं की आपण 3 किलोमीटरपाशी येतो, आणि काम होतं 32,768 पट. अमेरिकेतल्या फ्रंटियर या महासंगणकावर 3.25 किलोमीटरचं मॉडेल चालवलं, तेव्हा एका दिवसात जेमतेम सव्वा वर्षाचं हवामान पुढे सरकलं. त्या कामाला 2023 मध्ये महासंगणकांवरच्या कामासाठी दिलं जाणारं गॉर्डन बेल पारितोषिक, त्यातलं हवामान मॉडेलसाठीचं, मिळालं, ते अगदी योग्यच.

म्हणून जगाच्या सरासरी तापमानाबद्दल मॉडेल जे सांगतं त्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. एखाद्या खोऱ्यातल्या पावसाचा आकडा मात्र मी आजही चार वेगळी मॉडेलं ताडून पाहिल्याशिवाय कुणाला देत नाही.