वाचकांचे प्रश्न : भाच्याला सांभाळताना

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राहतो. माझे यजमान शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. नणंद आणि तिचे यजमान दोघेही वारले आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आता आमच्याकडे असतो. मुलगा गुणी आहे, पण रश्श्याची दुसरी वाटी हवी असली तरी स्वतः मागत नाही, माझ्या मुलीकरवी निरोप पाठवतो. रात्री दप्तर उशाशी घेऊन झोपतो. नातेवाईक म्हणतात, दत्तक घ्या आणि आडनाव बदला. त्याच्या वडिलांकडची भावकी म्हणते, दत्तक गेला की जमिनीवरचा हक्क संपला. खर्चाची ओढाताण होते. कधी कधी मला त्याचा रागही येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, आधी जमिनीचे सांगतो, कारण त्या भीतीपोटी बाकीचे निर्णय अडतात. भावकीचे म्हणणे खरे नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर जी मालमत्ता कायद्याने मुलाची झाली आहे, ती दत्तक गेल्यानंतरही त्याचीच राहते. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, दोन्हीकडे तशी तरतूद आहे. सातबाऱ्यावर त्याची वारस नोंद झाली आहे का, आणि अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन मुलाचा पालक, म्हणून कुणाचे नाव लागले आहे, हे याच आठवड्यात तलाठी कार्यालयात पाहून या.

दत्तकाची घाई मात्र करू नका. १८९० च्या पालकत्व कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून तुमच्या यजमानांना कायदेशीर पालक नेमून घेता येते. शाळा, बँक, दवाखाना यांची बहुतेक कामे तेवढ्याने भागतात, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याची जमीन कुणालाही, अगदी पालकालाही, विकता येत नाही. पुढे दत्तक घ्यावेसे वाटलेच, तर मामा हा कायद्याने नातेवाईक ठरत असल्याने तो मार्ग खुला आहे, आणि आता तो आदेश जिल्हाधिकारी देतात. पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती त्यात घ्यावी लागते. मला ही अट फार मोलाची वाटते, कारण आईवडिलांच्या मागे त्याच्यापाशी त्यांचे नावच उरले आहे, आणि ते सोडायचे की नाही हे नातेवाइकांनी ठरवायचे नाही.

खर्चासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. दोघांचे मृत्यूचे दाखले, मुलाचे आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक बरोबर न्या. बालकल्याण समितीने मंजुरी दिल्यावर महिन्याला २,२५० रुपये मिळतात. हे पैसे मागण्यात कमीपणा वाटू देऊ नका. ते त्या मुलाच्या हक्काचे आहेत.

आता दप्तराविषयी. एकदा घर सुटलेल्या मुलाला हेही घर सुटेल असे वाटत राहते, म्हणून तो आपली वस्तू हाताशी ठेवतो आणि कुणाला भार होऊ नये म्हणून मागत नाही. दप्तर काढून घेऊ नका. कपाटातला एक कप्पा त्याच्या नावाचा करा, मुलीला सांगता तशी कामे त्यालाही सांगा, चुकला तर तिच्याइतकेच रागवा. आग्रह पाहुण्याला होतो. त्याला पातेल्यातून स्वतः वाढून घ्यायला सांगा. ‘तू आता इथेच राहणार आहेस’ हे स्पष्ट शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगा. त्याच्या आईचा फोटो घरात लावा. तुमचे यजमान भावाच्या नात्याने अजून दुःखात असतील आणि बहिणीचा विषय टाळत असतील, पण तिच्या लहानपणीच्या गोष्टी त्या मुलाला त्यांच्याखेरीज कोण सांगणार?

तुम्हाला येणारा राग हा माया नसल्याचा पुरावा नाही. न मागता अंगावर आलेली जबाबदारी तुम्ही पार पाडत आहात आणि त्यात तुमची विचारपूस कुणी केलेली दिसत नाही. शाळेच्या पालकसभा यजमानांकडे द्या. मे महिन्यात त्याला काही दिवस चुलत्यांकडे पाठवा, मात्र परत कोणत्या दिवशी आणणार ते त्याला निघण्यापूर्वी सांगा आणि तो दिवस चुकवू नका.

प्रश्न : आमची मुलगी दत्तक आहे, आता चार वर्षांची झाली. सासूबाई म्हणतात, मोठी होईपर्यंत सांगू नका. केव्हा सांगावे?

उत्तर : आत्तापासून, तिला कळतील अशा शब्दांत, आणि दुसऱ्या कुणाकडून कानावर जाण्याआधी. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली दत्तक आले, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मग आपल्या घरात ते कुजबुजत का बोलावे? सासूबाईंना विरोधात उभे करण्यापेक्षा ‘तुला घरी आणले त्या दिवशी’ ही गोष्ट त्यांनाच सांगायला लावा. संस्थेकडून मिळालेले सर्व कागद एकत्र जपून ठेवा, कारण अठरा वर्षांची झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी तिला स्वतः अर्ज करता येतो.