भूल दिल्यावर अचानक चढणाऱ्या तापावर पॅरासिटामॉल का चालत नाही? मग देतात तरी काय?

कारण हा ताप मेंदूतून येत नाही. पॅरासिटामॉल मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावर काम करतं. या तापात, म्हणजे मॅलिग्नंट हायपरथर्मियात, ते केंद्र बिचारं ठीकच असतं. उष्णता तयार होते ती स्नायूंत. जनुकीय दोष असलेल्या माणसाला सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेनसारखी हुंगवायची भूल किंवा स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन मिळालं, की स्नायूपेशींतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतच राहतं. स्नायू आखडतात, आणि अंग भट्टीसारखं तापतं. मी भूलतज्ज्ञ आहे. आमची नजर आधी थर्मामीटरवर नसते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कारण नसताना चढू लागला, नाडी पळू लागली, की मनात पाल चुकचुकते. ताप पुष्कळदा मागाहून येतो.

खरं औषध एकच, डँट्रोलीन. कॅल्शियम जिथून सुटतं तो रायनोडीन रिसेप्टरच ते आवरतं. 1975 मध्ये भूलतज्ज्ञ हॅरिसन यांनी डुकरांवर त्याचा गुण दाखवला. 1979 मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायला मान्यता मिळाली. त्याआधी बहुतेक रुग्ण दगावत.

मात्रा किलोमागे 2.5 मिलिग्रॅम, आणि लक्षणं ओसरेपर्यंत पुन्हा पुन्हा. ऐकायला सोपं वाटतं. पण जुन्या प्रकारच्या कुपीत जेमतेम 20 मिलिग्रॅम पावडर, ती 60 मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवायची, आणि ती लवकर विरघळतही नाही. 70 किलोच्या माणसाला पहिल्याच डोसला नऊ कुप्या! म्हणून एकट्यादुकट्याचं हे काम नाही, हाताखाली माणसं लागतात. नव्या प्रकारात 250 मिलिग्रॅम अवघ्या 5 मिलीत मावतं.

डँट्रोलीन तयार होईतो भुलीचा वायू बंद, शंभर टक्के ऑक्सिजन जोरात, आणि बाहेरून गारवा. फुटलेल्या स्नायूंतून पोटॅशियम रक्तात येतं, ते उतरवायला ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. हृदय सांभाळायला कॅल्शियम द्यावं लागलं तर देतात. स्नायूतल्या कॅल्शियमने घात केलेला असला तरी. हृदयाची लय बिघडली म्हणून व्हेरापामिल मात्र डँट्रोलीनसोबत देत नाहीत, पोटॅशियम आणखी चढू शकतं. झटका ओसरल्यावरही तो उलटू शकतो, त्यामुळे रुग्ण अतिदक्षता विभागातच राहतो.

तुमच्या रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीत असं झालं असेल, तर ऑपरेशनआधीच भूलतज्ज्ञाला सांगा, आधीची भूल सुरळीत गेली असली तरीही. शिरेतून द्यायची भूल प्रोपोफॉल, स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम, जागा बधिर करायची इंजेक्शनं अशा रुग्णांना चालतात.