खळ्यातल्या गजाली : चूक कोणाच्या नावावर?

या महिन्यात चौदा पत्रं आली. त्यातली सहा मुंबई-गोवा हायवेवर, तीन आंब्याच्या भावावर (भाव दलाल सांगतो, मी नाही), एक मासेमारीवर आणि चक्क चार बेसबॉलवर! मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की कॉलेजात असताना मी सॉफ्टबॉल खेळायचे आणि माझा भाचा हल्ली लुइझियानात शिकायला आहे, तिकडच्या कॉलेजच्या बेसबॉल मॅचेस बघतो आणि रात्री-अपरात्री मला फोन करून स्कोअर सांगतो. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. राजकारणावरचे प्रश्न वेगळे, नेहमीसारखेच बिननावी. तर बसा खळ्यात, चहा टाकलाय.

प्रश्न : ताई, आम्ही कॉलेजात बेसबॉलची टीम काढली. पोरं सगळी टेनिस क्रिकेटवाली. लोक हसतात, म्हणतात हे काय अमेरिकन खूळ. आणि आमचं जमत पण नाहीये. काय करू? (एक विद्यार्थी, कुडाळ)

हसू देत रे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतच ऑलिम्पिक कमिटीची बैठक झाली, त्यात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेट घेतलं आणि त्याच यादीत बेसबॉल-सॉफ्टबॉलही घेतलं. म्हणजे हसणाऱ्यांचा खेळ आणि तुझा खेळ एकाच दारातून आत गेलेत, सांग त्यांना.

आता जमत का नाही ते. मी गेल्या महिन्यात आमच्या इथल्या सड्यावर अशाच एका टीमची प्रॅक्टिस बघायला गेले होते, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून बेस केलेले, आणि पहिल्याच पोराने काय झकास बॉल मारला, आणि बॅट टाकायची सोडून ती घेऊनच धावत सुटला की पहिल्या बेसपर्यंत! वर बेसवर पोचल्यावर बॅट टेकवली, क्रीजमध्ये टेकवतात तशी. दुसऱ्याने लेट कट मारला आणि चौकाराच्या खुशीत हात वर केले, त्याला सांगितलं बाबा हा फाउल, मागे मारलेलं इथे चालत नाही. तिसऱ्याने समोर टप्पा मारला आणि नुसताच उभा, "रन नाही ताई, फिल्डर जवळ आहे." क्रिकेटमध्ये मारून उभं राहता येतं, बेसबॉलमध्ये बॉल सरळ आत गेला की पळायलाच लागतं, मर्जीचा प्रश्नच नाही. या तीन सवयी सुटायला महिना जातो, तोवर खेळ जमत नाही असं म्हणायचं नाही.

चौथी गोष्ट ग्लोव्हज. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात, आणि आपली पोरं कॅचला दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करतात, त्यात बॉल ग्लोव्हजच्या मनगटाला लागून खाली. पंधरा दिवस भिंतीवर टेनिस बॉल मारून फक्त डाव्या हाताने पकडा. फेकायचं मात्र शिकवावं लागत नाही, लहानपणापासून रायवळ आंबे दगडाने पाडलेत त्यांनी. पिचरपासून (म्हणजे बॉल टाकणारा) बॅटरपर्यंत साडेसाठ फूट, म्हणजे साधारण साडेअठरा मीटर, आपल्या बावीस यार्डांपेक्षा थोडं कमीच. आणि २००८ साली अमेरिकेतल्या एका एजंटाने भारतात पिचर शोधायची स्पर्धा घेतली, त्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशची दोन भालाफेकवाली पोरं पिट्सबर्ग पायरेट्सने साइन केली. त्या स्पर्धेआधी दोघंही कधी बेसबॉल खेळले नव्हते.

एक सांभाळा फक्त. टीव्हीवर बघून बेसला घसरू नका. आपल्या जांभ्यावर घसरलात तर चड्डी आणि कातडी दोन्ही तिथेच राहतील. उभ्याने पळा. घसरायचं तर पावसाळ्यानंतर भाताच्या मळ्यात शिका, मालकाला विचारून.

प्रश्न : भाचा सांगतो तो स्कोअरबोर्ड बघितला इंटरनेटवर. शेवटी "ई" लिहिलेलं असतं ते काय? (वाचक, राजापूर)

हाच माझा आवडता प्रश्न या वेळचा! बोर्डवर तीन आकडे असतात, रन, हिट (बॉल मारून बेस गाठला ते) आणि तिसरा ई म्हणजे एरर, चूक. तुमच्या टीमने फिल्डिंगमध्ये किती चुका केल्या ते सगळ्या स्टेडियमला दिसेल असं टांगलेलं. आणि स्कोअरबुकात तर ती चूक ज्याने केली त्याच्या नंबरावर पडते. प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचर १, कॅचर २ असं करत शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) ६. साधा बॉल शॉर्टस्टॉपच्या पायातून गेला की लिहायचं ई-६. मी शॉर्टस्टॉप खेळायचे, त्यामुळे हे अक्षर आणि हा आकडा मला झोपेत पण ओळखता येतो. एका फायनलला माझ्यामुळे दोन रन गेल्या, आणि तेव्हाची आमची स्कोअरर मैत्रीण, तिने जेवणाचा अर्धा डबा मला दिला पण ई-६ काही खोडलं नाही.

त्याहून भारी गोष्ट पुढे आहे. फिल्डरच्या चुकीमुळे रन झाली तर ती पिचरच्या खात्यावर धरत नाहीत. टीम हरते ती हरतेच, पण कोणी हरवलं ते वेगळं लिहून ठेवतात. आता आमच्या वाडीतली नळपाण्याची गोष्ट घ्या. लाइन आली, नळ आला, नळाला पाणी नाही. ठेकेदार म्हणतो विहिरीची जागा पंचायतीने चुकीची दिली, पंचायत म्हणते इस्टिमेट वरून आलं, वरचे म्हणतात गावाने ताब्यात घेतली नाही योजना, आणि आम्ही म्हणतो सगळे चोर. झालं, संपलं, कोणाच्याच नंबरावर काही पडलं नाही. "सगळे चोर" म्हणणं म्हणजे स्कोअरबुक बंद करून ठेवणं आहे असं माझं मत झालंय, कोणाला राग आला तर येऊ दे.

प्रश्न : आमच्या गावात ग्रामसभा दर वेळी कोरमअभावी तहकूब होते आणि मग तहकूब सभेत पंधरा माणसांत सगळे ठराव पास. हे कायद्यात बसतं का? (नाव नको, देवगड तालुका)

बसतं, म्हणून तर करतात. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब झाली की त्या तहकूब सभेला कोरम लागत नाही. ज्याला गर्दी नको असेल त्याला ही सोय मोठी गोड पडते.

पण आपलंही सांगायला पाहिजे. यादीत नावं गावात, माणसं नालासोपारा-डोंबिवलीत. मतदानाला गाड्या सुटतात, गणपतीला आणि शिमग्याला येतोच, ग्रामसभेला कोण रजा टाकून येणार? मागे एका सभेला मी होते, देवळाच्या सभामंडपात, अध्यक्षांच्या टेबलावर प्लास्टिकचं फूल आणि ग्रामसेवकाची वही, आणि हजेरीच्या वहीत माझ्या आधी एकवीस सह्या. माणसं मोजली तर तेरा. उरलेल्या आठ सह्या बहुतेक चहाला गेल्या होत्या.

तुम्ही काय करायचं तर तहकूब सभेलाच जाऊन बसा. वर्षाला निदान चार ग्रामसभा व्हायलाच लागतात आणि त्याआधी बायकांची वेगळी सभा, तिथे तर कोणी फिरकतच नाही, म्हणजे जाल तिथे तुमचाच आवाज. जाताना घरून मोबाइलवर सरकारचं ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडून आपल्या पंचायतीने कोणत्या कामाला किती पैसे दिले ते बघून जा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिलेले होते, त्यातले किती कुठल्या वाडीला गेले एवढा एकच प्रश्न विचारा. ओरडू नका. उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवस. आणि "माझा प्रश्न इतिवृत्तात लिहा" हे वाक्य तीनदा म्हणा, लिहिलेलं वाचून दाखवेपर्यंत उठू नका.

ओरडण्यावरून आठवलं. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलची फायनल झाली, भाच्याचं एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) विरुद्ध कोस्टल कॅरोलायना. कोस्टलवाले ओळीने सव्वीस मॅच जिंकून आलेले. दुसऱ्या मॅचच्या पहिल्याच इनिंगला त्यांचे कोच अंपायरशी हुज्जत घालायला लागले आणि अंपायरने त्यांना सरळ बाहेर काढलं! फायनलला, कोचला! आमच्याकडे ग्रामसभेत जो सगळ्यात जास्त ओरडतो तो खुर्चीवर बसलेला असतो, त्याला बाहेर काढणार कोण?

प्रश्न : हायवे कधी होणार? (सहा पत्रं मिळून एक)

२०११ मध्ये काम सुरू झालं तेव्हा शेजारचा बाबू पहिलीत होता, आता तो त्याच रस्त्याने स्वतःची गाडी चालवत मुंबईला नोकरीला जातो आणि माणगावला तासभर अडकतो. तारीख मी देणार नाही, ते काम मंत्री करतात.

प्रश्न : एलईडी दिव्यांवर मासे पकडणाऱ्यांना धरतात आणि चार दिवसांनी तीच बोट परत समुद्रात. आम्ही रापणवाले, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, मेलो. पेपरात मात्र "धडक कारवाई". (मालवण)

एलईडी लावून मासेमारीला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. राज्याचा कायदा १९८१ चा, त्यात २०२१ ला दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेला, २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोनही फिरतायत. म्हणजे कागद कमी नाहीत. राज्याची हद्द बारा सागरी मैलांपर्यंत, बोट जरा बाहेर सरकली की हे खातं म्हणतं आमचं नाही. परत तेच, बॉल दोघा फिल्डरांच्या मधून गेला आणि दोघं एकमेकांकडे बघतायत. पेपरवाल्यांना (त्यात मीही आले) एक विनंती, धडक कारवाईच्या फोटोनंतर दोन महिन्यांनी त्या बोटीचा दंड वसूल झाला का तेही छापा. फोटो नसला तरी चालेल.

प्रश्न : तिकडे कॉलेजच्या पोरांना खेळायचे पैसे मिळतात हे खरं? आणि आपल्याकडे? (रत्नागिरी)

खरं आहे. २०२१ पासून तिकडच्या कॉलेज खेळाडूला आपलं नाव, चेहरा वापरू देऊन जाहिरातीचे पैसे घेता येतात, आणि २०२५ च्या कोर्टाच्या समझोत्यानंतर कॉलेजही थेट पैसे देऊ शकतं. सगळे खेळ मिळून एका कॉलेजला पहिल्या वर्षी दोन कोटी डॉलरच्या थोडी वर मर्यादा. त्यातला मोठा घास अमेरिकन फुटबॉल खातो, बेसबॉलला चटणी.

आपल्याकडे पण पैसा आहे हो, फक्त चेहरा खेळाडूचा नसतो. आमदार चषक, सरपंच चषक, भाऊ चषक, दादा चषक, फेब्रुवारी ते मे कोकणात एक सड्यावरचं मैदान रिकामं नसतं. बॅनरवर नेता बारा फूट, जिंकलेल्या टीमचा फोटो खाली पोस्टाच्या तिकिटाएवढा. रोख बक्षीस, टीशर्ट, मटणभाकरी, यूट्यूबवर लाइव्ह, आणि पोरं खूश. मी नावं ठेवत नाही, नाहीतर ही पोरं खेळणार कुठे? पण २०२५ च्या नगरपरिषद-नगरपंचायतीच्या निवडणुकीत मालवण-कणकवलीत वरती एकत्र असलेले पक्ष खाली एकमेकांसमोर उभे राहिले, २ डिसेंबरला मतदान आणि मोजणी थेट २१ ला, त्या एकोणीस दिवसांत कोणत्या टीमने कोणाचा टीशर्ट घालायचा यावरून घराघरात भांडणं होती. एका पोराने मला सांगितलं, "ताई, मी दोन्ही टीशर्ट ठेवलेत, रिझल्ट लागला की एकाने गाडी पुसणार."

आणि मैदानाचंच सांगते. आमच्या जवळच्या एका मैदानावर मध्ये मोठ्या साहेबांची सभा झाली, हेलिपॅड, मांडव, सगळं. साहेब चाळीस मिनिटं होते. मांडवाचे खड्डे अजून आहेत, बांबूएवढे, गवतात दिसत नाहीत. कॉलेजच्या टीमचा सेंटर फिल्डर मागे मागे जात बॉलखाली आला आणि पाय त्या खड्ड्यात, घोटा सुजून नारळाएवढा. बॉल पडला. स्कोअरर नवीन पोरगी, तिने मला विचारलं, "ताई, ई-८ लिहू?" मी म्हटलं थांब जरा. नियमाने खड्ड्यात पाय गेलेल्याच्या नावावर चूक धरायची नसते, मारणाऱ्याला हिट देतात. तिने हिट लिहिली आणि समासात पेन्सिलने "मांडव" असं लिहिलं. त्या वहीचा फोटो मी काढून ठेवलाय.

प्रश्न : ताई, तुम्ही सगळ्यांच्या चुका काढता. तुमची? (सावंतवाडी)

आहे ना, याच महिन्याची ताजी. मागच्या अंकात मी ठोकून दिलं की कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे ती कॉलेज बेसबॉलची फायनल होते ती स्पर्धा, न्यूयॉर्कला होते. भाच्याचा रात्री दोनला फोन, "आत्या, ओमाहा! नेब्रास्का! १९५० पासून तिथेच होते, न्यूयॉर्क कुठून काढलंस?" कुठून काढलं मला पण माहीत नाही, लिहिताना गॅसवर फणसाची भाजी होती, ती पण करपली. संपादकांना सांगितलंय, चौकट करून छापा, नंबर सकट. ई-६.