दोन इंच केसांचं पर्मिंग

प्रश्न : तिरुपतीला केस दिले, त्याला चार महिने झाले. वर दोनेक इंच केस आलेत, कानामागचे आणि मानेवरचे मात्र मी बारीक करून घेतले. पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे. पर्म करावं असं मनात आहे, पण पार्लरवाली नाही म्हणते. तोकड्या केसांना पर्म होतच नाही का? मधूनमधून काळी मेंदी लावते. – एक वाचक, मिरज

उत्तर : होतं की! पण केस गुंडाळायचे रॉड बारीक हवेत. केस रॉडभोवती निदान दीड वेळा फिरला पाहिजे, नीट कुरळा हवा तर अडीच वेळा. तुमचे दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर, सहा मिलिमीटर जाडीच्या रॉडवर अडीच वेढे सहज घेतील. तेच एक सेंटिमीटरच्या रॉडवर जेमतेम दीड, म्हणजे नुसता बाक येणार. तुमच्या पार्लरवालीकडे बारीक रॉड नसतील, म्हणून ती नको म्हणत असेल. मानेवरच्या केसांना हात लावू देऊ नका. ते रॉडवर बसत नाहीत आणि पर्मचं लोशन थेट कातडीवर उतरतं.

मला काळजी आहे ती काळ्या मेंदीची. डब्यावर ‘नॅचरल’ छापलेलं असलं तरी काहींमध्ये धातूचे क्षार असतात. पर्मच्या दुसऱ्या टप्प्यात कुरळेपणा पक्का करायला न्यूट्रलायझर लावतात, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. दोघांची गाठ पडली की केस तापतो, तुटतो. म्हणून आधी चार केस कापून पार्लरमध्ये पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या थेंबांत अर्धा तास बुडवून बघायला सांगा. बुडबुडे आले, भांडं गरम लागलं, तर पर्मचा विषय बंद. मेंदीचे केस वाढून कापले जाईपर्यंत थांबायचं. लग्नात जेल लावून बोटांनी लाटा पाडून घ्या. खरं सांगू, तोकड्या केसांवर मला त्याच जास्त आवडतात.

चाचणीत केस टिकले तर खुशाल करा. फक्त कुरळे झाल्यावर दोन इंचांचे केस एक इंचाचे दिसतील, ही तयारी ठेवा. फोटोत डोकं गोल दिसलं म्हणून मला पत्र नको. आणि पर्मनंतर दोन दिवस केस धुता येत नाहीत. वहिनीला हळदीत कोण सोडणार आहे? तेव्हा हळदीच्या आधी आठवडाभर तरी उरकून घ्या.