अमेरिकेत ज्युरी निवडताना आणि खटल्याच्या तयारीत इंटर्नला नेमकं काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की एलएलबी पुण्यातून झालंय, आता कॅलिफोर्नियात एलएलएम करताय, उन्हाळ्यात एका काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) पब्लिक डिफेंडर कार्यालयात, म्हणजे आरोपींना सरकारी खर्चाने बचावाचे वकील देणाऱ्या कार्यालयात, इंटर्नशिप मिळाली आहे आणि ज्युरी, म्हणजे खटल्यात कौल देणारा सामान्य नागरिकांचा गट, हा प्रकार तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेला नाही. साहजिक आहे. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटल्यातला १९५९ चा ८ विरुद्ध १ हा कौल आठवतो, त्यापुढे अनुभव शून्य. खाली लिहिलंय ते कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयातल्या फौजदारी खटल्याचं. फेडरल (केंद्रीय) कोर्टात आणि इतर राज्यांत आकडे आणि नियम बदलतात. ॲरिझोनाने तर कारण न देता ज्युरर (ज्युरीतला सदस्य) वगळण्याची सोय २०२२ पासून बंदच केली आहे.

ज्युरी निवडीच्या वेळी तुमचं काम एकच, लिहून घेणं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तुमचे वकील त्या वेळी समोरच्या माणसाशी बोलत असतात, त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतात. कोण काय बोललं याची कागदावरची एकमेव विश्वासार्ह नोंद बहुधा तुमचीच असते.

कोर्टात साधारणपणे 'सिक्स-पॅक' पद्धत असते: ज्युरीच्या कठड्यात १२ जण आणि पुढच्या रांगेत ६, म्हणजे एका वेळी १८ जणांना प्रश्न विचारले जातात. आधी न्यायाधीश विचारतात, मग दोन्ही बाजूंचे वकील. तुम्ही १८ चौकोनांचा तक्ता काढा आणि प्रत्येक चौकोनावर एक छोटी चिकटचिठ्ठी लावा. थेट तक्त्यावर लिहू नका. पाचव्या खुर्चीवरचा माणूस वगळला की तिथे तेराव्या खुर्चीवरचा येऊन बसतो. मग खुर्चीवर लिहिलेली माहिती भलत्याच माणसाची होते. चिठ्ठी मात्र उचलून नव्या जागी लावता येते. चिठ्ठीवर सगळ्यात आधी ज्युरर क्रमांक लिहा, मग बाकीचं. वगळलेल्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या कागदावर लावा आणि शेजारी कोणी वगळलं आणि कितव्या क्रमाने ते लिहा. एक नंबरची खुर्ची मागच्या रांगेत आहे की पुढच्या, डावीकडे की उजवीकडे, हे प्रत्येक कोर्टरूममध्ये वेगळं असू शकतं. आदल्या दिवशी जाऊन क्लार्कला विचारून या.

काय लिहायचं? शब्द. निष्कर्ष नव्हे. 'पोलिसांच्या बाजूचा' असं लिहिलेलं वकिलांच्या काही कामाचं नाही. 'पोलीस शपथेवर खोटं बोलेल असं मला वाटत नाही' हे अवतरणचिन्हांत लिहिलेलं असेल, तर त्यावर कारण देऊन वगळण्याचा अर्ज उभा राहतो. पुढे न्यायाधीश विचारतात, 'तरी निःपक्षपाती राहाल ना?' आणि ज्युरर म्हणतो, 'प्रयत्न करेन.' नवखा इंटर्न इथे 'हो म्हणाला' असं लिहून मोकळा होतो. 'प्रयत्न करेन' हेच लिहा, कारण सगळा वाद त्या दोन शब्दांवर होणार असतो. इंग्रजीत बोललेलं इंग्रजीतच लिहा, मनात भाषांतर करत बसू नका.

कारण देऊन कितीही जणांना वगळता येतं, फक्त न्यायाधीशांना पटायला हवं. कारण न देता वगळण्याची संधी मोजकी असते: एकच आरोपी असेल तर प्रत्येक बाजूला १०, जन्मठेप किंवा मृत्युदंडाचा आरोप असेल तर २०, आणि जास्तीत जास्त ९० दिवस कैदेच्या किरकोळ गुन्ह्यात ६. दोन्ही बाजूंचा हिशेब रेघा मारून ठेवा. एका बाजूने 'पास' (आत्ता कोणाला वगळायचं नाही) म्हटलं म्हणून तिच्या उरलेल्या संधी जात नाहीत, पण दोन्ही बाजूंनी लागोपाठ पास म्हटलं की निवड संपते आणि ज्युरीला शपथ दिली जाते.

आता मुख्य भानगड. वंश बघून ज्युरर वगळायला बॅट्सन विरुद्ध केंटकी या १९८६ च्या निकालाने बंदी घातली. कॅलिफोर्नियाने फौजदारी खटल्यांसाठी १ जानेवारी २०२२ पासून त्याहून कडक कायदा आणला, कलम २३१.७. त्यात हेतू सिद्ध करावा लागत नाही आणि काही कारणं मुळातच संशयास्पद धरलेली आहेत: पोलिसांवर अविश्वास दाखवला, राहतो ती वस्ती, कपडे, सरकारी मदत घेतो, इंग्रजी मातृभाषा नाही. 'नजर देत नव्हता', 'लक्ष नव्हतं' असली कारणंही सहसा चालत नाहीत, न्यायाधीशांनी किंवा हरकत घेणाऱ्या वकिलांनी स्वतः तसं पाहिल्याचं रेकॉर्डवर आलं नाही तर. म्हणून देहबोलीची नोंद करायचीच असेल तर वेळ टाकून करा: '१०:४२, डोळे मिटलेले, प्रश्न पुन्हा विचारावा लागला.' सरकारी वकिलांनी एखाद्याला वगळताना दिलेलं कारण जसंच्या तसं टिपा आणि तेच उत्तर देऊनही जागेवर राहिलेला दुसरा ज्युरर आहे का ते लगेच शोधा. ही तुलना हे सगळ्यात मोठं हत्यार असतं आणि ते तुमच्या चिठ्ठ्यांतूनच निघतं. अशा वगळण्यावरची हरकत ज्युरीच्या कानाआड आणि ज्युरी पक्की होण्याआधी घ्यावी लागते, त्यामुळे शोधायला मिनिटभरच मिळतं.

नोंदींसाठी स्वतःच्या सांकेतिक खुणा मात्र बनवू नका. जॉर्जियातल्या एका खटल्यात सरकारी पक्षाच्या फाइलमध्ये कृष्णवर्णीय ज्युररांची नावं हिरव्या हायलायटरने रंगवलेली आणि शेजारी 'बी' लिहिलेलं सापडलं. निवड १९८७ ची, आणि २०१६ मध्ये फॉस्टर विरुद्ध चॅटमन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या कागदांच्या आधारे आरोपीच्या बाजूने निर्णय दिला. आपला कागद उद्या न्यायाधीशांसमोर येणार आहे असं धरूनच लिहा. वंशाची नोंद ठेवायची का आणि कशी, हे वकिलांना आधी विचारा.

ज्युररांची समाजमाध्यमं बघायला सांगितलं तर जे सगळ्यांसाठी खुलं आहे तेवढंच बघा. फ्रेंड रिक्वेस्ट नाही, फॉलो नाही. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेचं २०१४ चं मत क्रमांक ४६६ हेच सांगतं. लिंक्डइन प्रोफाइल कोणी पाहिलं ते समोरच्याला कळवतं, म्हणून तिथे जाण्याआधी लॉगआउट करा. सनीव्हेल-फ्रीमाँट भागात पॅनेलमध्ये मराठी आडनाव दिसलं तर नवल नाही. तो माणूस महाराष्ट्र मंडळातला ओळखीचा निघाला तर तिथल्या तिथे वकिलांना चिठ्ठी द्या. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये ज्युरर भेटला तर मान हलवण्यापलीकडे काही नाही, मराठीतून तर मुळीच नाही.

खटल्याच्या तयारीतला सगळ्यात वेळखाऊ भाग म्हणजे पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण. एका घटनेला चार अधिकारी आले तर चार चित्रणं, आणि चारही पूर्ण बघायची. ॲक्सॉन या कंपनीच्या कॅमेऱ्यात मूळ सेटिंगमध्ये पहिल्या ३० सेकंदांना आवाज नसतो. फाइल खराब आहे असं समजू नका. पडद्यावरच्या वेळेपुढे 'झेड' हे अक्षर असेल तर ती जागतिक वेळ आहे. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात त्यातून ७ तास वजा करायचे, हिवाळ्यात ८. हे चुकलं की रात्री ११ ची अटक पहाटे ६ ला झालेली दिसते आणि तुमचा पूर्ण तक्ता कोसळतो. जो भाग ज्युरीला ऐकवायचा त्याची लेखी प्रत न्यायालयाला द्यावी लागते, तेव्हा तीही तयार ठेवा.

त्यातून विसंगतीचा तक्ता बनवा: साक्षीदार काय म्हणाला, कुठे म्हणाला, पान आणि ओळ, किंवा चित्रणाचं मिनिट-सेकंद. प्राथमिक सुनावणीच्या शब्दशः नोंदीच्या प्रतीत 'पान ३४, ओळ ७ ते १२' इतकं नेमकं हवं. उलटतपासणीच्या भर मध्यात वकील मागे हात करतात तेव्हा तीन सेकंदांत ते पान त्यांच्या हातात गेलं पाहिजे.

पुराव्याच्या प्रत्येक कागदाच्या चार प्रती लागतात: न्यायाधीश, साक्षीदार, समोरचे वकील, आपण. बऱ्याच ठिकाणी सरकारी पक्षाला आकडे आणि बचावाला अक्षरं असतात, तरी क्लार्कला विचारून घ्या. लॅपटॉप कोर्टाच्या पडद्याला जोडून, आवाजासकट, एकदा तरी आधी चालवून बघा. ज्युरीसाठीच्या सूचना कॅलक्रिमच्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फौजदारी खटल्यांसाठीच्या ठरावीक सूचनांच्या, साच्यातून येतात. वाजवी संशयासाठी २२०, स्वसंरक्षणासाठी ३४७०. त्यांत कंसातले पर्याय असतात; नको असलेला पर्याय खोडायचा राहिला की तोच मजकूर ज्युरीच्या खोलीत जातो.

दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. साक्षीदाराशी एकट्याने बोलू नका, सोबत तपासनीस हवा. साक्षीदाराने पुढे जबाब फिरवला तर तो आधी काय म्हणाला हे सांगायला तुम्हालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. आणि आत चाललेली साक्ष बाहेर थांबलेल्या साक्षीदाराला सांगू नका. त्याला बाहेर ठेवलंय ते त्याच कारणासाठी.

पगार नसला तरी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सीपीटी किंवा ओपीटीची (शिक्षणाशी संबंधित कामाची) परवानगी लागू शकते. पहिल्या दिवसाआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

ज्युरी विचारविनिमयाला गेली की फोनजवळ बसा. आतून प्रश्न येतात, बऱ्याचदा 'अमुक साक्ष पुन्हा वाचून दाखवा' असे. कोणत्या दिवशी, कोणी, कशाबद्दल साक्ष दिली याची एक पानी सूची रोज संध्याकाळी भरत गेलात तर वकिलांना तो भाग कोर्ट रिपोर्टरकडून (साक्ष शब्दशः टिपणाऱ्या कर्मचाऱ्याकडून) लगेच काढून घेता येतो.