शहर प्रांतातून वेगळे निघते तेव्हा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी संशोधनासाठी दक्षिण कोरियात डेजॉन शहरात राहते आणि तिची मैत्रीण नोकरीनिमित्त सुवॉनला असते. दिवाळीचा फराळ पाठवताना माझ्या लक्षात आले, की मैत्रिणीच्या पत्त्यात ‘ग्योंगी-दो’ असे प्रांताचे नाव आहे, मुलीच्या पत्त्यात मात्र प्रांतच नाही. दोन्ही शहरे दहा लाखांहून मोठी आहेत. मग हा फरक कशामुळे?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : मुलीच्या पत्त्यातून काहीही राहून गेलेले नाही. तिचे शहर कोणत्याही प्रांतात मोडत नाही, म्हणून तेथे प्रांत लिहिलेला नाही. कोरियन पत्ता आपल्या उलट, म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे लिहितात. त्यामुळे मैत्रिणीचा पत्ता ‘ग्योंगी-दो, सुवॉन-शी’ असा सुरू होत असेल आणि मुलीचा ‘डेजॉन-ग्वांग्योकशी’ असा. ‘दो’ म्हणजे प्रांत आणि ‘शी’ म्हणजे शहर. आपल्याकडे ‘प्रांत’ म्हटले की महसूल खात्यातले उपविभागीय अधिकारी आठवतात, परंतु येथे प्रांत म्हणजे देशाचा पहिल्या पायरीचा भाग. ‘ग्वांग्योकशी’ला मराठीत महानगर म्हणता येईल, मात्र त्या शब्दाचा कायद्यातला अर्थ नुसत्या मोठ्या शहरापेक्षा नेमका आहे. जे शहर प्रांताच्या बरोबरीने उभे आहे आणि ज्याच्या व राष्ट्रीय सरकारच्या मध्ये कोणताही प्रांत नाही, ते ग्वांग्योकशी.

२०२४ च्या आरंभी दक्षिण कोरियाचे असे १७ भाग होते. त्यांत राजधानी सोल हे ‘विशेष शहर’, बुसान, डेगू, इंचॉन, ग्वांगजू, डेजॉन आणि उल्सान ही सहा महानगरे, सेजोंग हे ‘विशेष स्वशासित शहर’ आणि उरलेले नऊ प्रांत. या नवांपैकी जेजू, गांगवोन आणि उत्तर जोल्ला यांना विशेष स्वशासित प्रांताचा दर्जा आहे.

प्रांत जुने आहेत आणि शहरे त्यांतून मागाहून कापून काढलेली आहेत, हे ध्यानात घेतले की बाकीचे उलगडते. जोसोन राजवटीत १४१३ साली आठ प्रांतांची मांडणी पक्की झाली. त्यांतील बहुतेक नावे प्रांतातल्या दोन प्रमुख गावांची पहिली अक्षरे जोडून बनली : ग्योंगजू आणि सांगजू मिळून ग्योंगसांग, चुंगजू आणि चोंगजू मिळून चुंगचोंग, गांगनुंग आणि वोनजू मिळून गांगवोन. म्हणजे प्रांताची ओळखच त्याच्या शहरांवरून होती. विसाव्या शतकात नेमकी मोठी शहरे प्रांतांतून बाहेर पडू लागली. सोल १९४६ मध्ये ग्योंगीपासून, बुसान १९६३ मध्ये दक्षिण ग्योंगसांगपासून, डेगू आणि इंचॉन १९८१ मध्ये, ग्वांगजू १९८६ मध्ये, आपल्या मुलीचे डेजॉन १९८९ मध्ये आणि शेवटी उल्सान १९९७ मध्ये वेगळे झाले.

येथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते, कारण या विषयावरील लिखाणात ती बहुधा झाकली जाते. प्रांतातून वेगळे होणे आणि स्वतःचा कारभार स्वतः करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बुसान वेगळे झाले तेव्हा त्याचा दर्जा ‘थेट शासित शहर’ असा होता, आणि हे शासन बुसानच्या नागरिकांचे नसून केंद्राचे होते. १९६१ च्या लष्करी उठावानंतर देशातील सर्व स्थानिक परिषदा बरखास्त झाल्या होत्या आणि प्रांतांचे गव्हर्नर काय, शहरांचे महापौर काय, सारे वरून नेमले जात. परिषदांच्या निवडणुका पुन्हा झाल्या १९९१ मध्ये आणि महापौर व गव्हर्नर लोकांनी थेट निवडले १९९५ मध्ये. त्याच वर्षी ‘थेट शासित’ हा शब्द जाऊन ‘ग्वांग्योकशी’ हा शब्द आला. बुसान प्रांतातून सुटले आणि त्यानंतर ३२ वर्षांनी स्वशासित झाले.

आता सुवॉनकडे वळू. लोकसंख्येने ते उल्सानहून मोठे आहे, तरी ते प्रांतातच आहे. उल्साननंतर नवे महानगर घोषित झालेले नाही, आणि सुवॉन तर ग्योंगी प्रांताची राजधानीच आहे. प्रांताचे मुख्यालय १९६७ मध्ये सोलहून तेथे नेण्यात आले. २०२२ च्या जानेवारीत सुवॉन, गोयांग, योंगिन आणि चांगवोन या दशलक्षी शहरांना ‘विशेष तरतुदीचे शहर’ असे नाव व काही वाढीव अधिकार मिळाले, पण ती प्रांतातच राहिली. हा फरक रोजच्या व्यवहारात दिसतो. डेजॉनमध्ये घर घेतल्यावर भरावा लागणारा संपादन कर डेजॉन शहराचा असतो, सुवॉनमध्ये तोच कर ग्योंगी प्रांताचा. दोन्ही पत्त्यांत पुढे येणारा ‘गु’, म्हणजे शहराचा विभाग, हाही एकसारखा नाही : डेजॉनमधील युसोंग-गुचा प्रमुख मतदार निवडतात आणि त्याला स्वतःची परिषद असते, सुवॉनमधील योंगथोंग-गुचा प्रमुख महापौरांनी नेमलेला अधिकारी असतो, आपल्याकडील विभाग कार्यालयातील सहायक आयुक्तांसारखा.

शहर बाहेर पडल्यावर मागे उरलेल्या प्रांताचे काय होते, हा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. दक्षिण चुंगचोंग प्रांताचे मुख्यालय १९३२ पासून डेजॉनमध्ये होते. १९८९ मध्ये डेजॉन वेगळे झाले आणि प्रांताचे सरकार आपल्या हद्दीबाहेरच्या शहरात बसून कारभार करू लागले. ते नेपो येथे हलायला २०१२ साल संपत आले. उत्तर ग्योंगसांगचे मुख्यालय तर डेगू वेगळे झाल्यावरही ३५ वर्षे डेगूतच होते. २०१६ मध्ये ते आंदोंगला गेले. ठाणेकरांना यात नवल वाटू नये. ठाणे जिल्हा परिषदेचा कारभार ग्रामीण भागापुरता आहे, तरी तिचे मुख्यालय ठाणे शहरात, म्हणजे तिच्या अधिकारक्षेत्राबाहेर आहे. शहापूर किंवा मुरबाडच्या माणसाला आपल्या जिल्हा परिषदेत जायचे तर दुसऱ्याच संस्थेच्या हद्दीत यावे लागते.

प्रश्न : काही देशांत स्वायत्त शहरे असतात असे वाचतो. आमच्या ठाणे जिल्ह्यातच सहा महानगरपालिका आहेत. त्यांना महापौर आहेत, स्वतःचे अंदाजपत्रक आहे. मग ठाणे किंवा नवी मुंबई हीदेखील स्वायत्त शहरेच नाहीत का?
(एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : मर्यादित अर्थानेच. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या सहाही महानगरपालिका ज्या कायद्यावर उभ्या आहेत, तो १९४९ चा अधिनियम राज्याचा आहे. त्याचे नाव पूर्वी ‘मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम’ असे होते आणि त्यातील ‘प्रांतिक’ हा शब्द पुरेसा बोलका आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय नोंदवले. मात्र ते विषय प्रत्यक्षात किती सोपवायचे हे राज्याच्या विधिमंडळावर ठेवले, कारण स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय आहे. कार्यकारी अधिकार राज्याने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. महापौरांना नगरसेवक अडीच वर्षांसाठी निवडतात. त्यांचा मान मोठा, परंतु सही आयुक्तांची लागते.

याच्या तुलनेत अर्जेंटिनाची राजधानी पाहावी. त्या देशात २३ प्रांत आहेत आणि त्यांच्या जोडीला ब्यूनस आयर्स हे स्वायत्त शहर. १८८० मध्ये हे शहर ब्यूनस आयर्स प्रांतातून काढून केंद्राच्या ताब्यात गेले आणि राजधानी गमावलेल्या त्या प्रांताने १८८२ मध्ये ला प्लाता हे नवे शहर वसवून तेथे आपली राजधानी केली. शहर मात्र शतकभर केंद्राच्याच हाताखाली राहिले, त्याचे प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमत. १९९४ च्या घटनादुरुस्तीने त्याला स्वायत्तता मिळाली, १९९६ मध्ये शहराने आपला प्रमुख स्वतः निवडला आणि स्वतःची राज्यघटना केली. देशाच्या सिनेटमध्ये प्रत्येक प्रांताचे तीन प्रतिनिधी असतात, तसे या शहराचेही तीन आहेत. आपल्या कोणत्याही महानगरपालिकेची याच्याशी तुलना होऊ शकत नाही. आपल्याकडे राज्यांपासून खरोखर वेगळे काढलेले शहर म्हणजे चंडीगड. ते १९६६ पासून केंद्रशासित आहे आणि त्याचा कारभार प्रशासक पाहतात. म्हणजे आपल्याकडे एका शहराला वेगळेपण आहे, स्वराज्य फारसे नाही. आणि ठाणे-नवी मुंबईला थोडे स्वराज्य आहे, वेगळेपण नाही.

पैशाच्या बाबतीत तर आपण मागे आलो आहोत. पूर्वी महानगरपालिकांकडे जकात होती. नवी मुंबईत तिच्याऐवजी उपकर होता. मग स्थानिक संस्था कर आला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर या उत्पन्नाच्या बदल्यात राज्याकडून दरमहा अनुदान मिळू लागले. घर खरेदीच्या मुद्रांक शुल्कातील १ टक्का अधिभार शहराच्या वाट्याला येतो, बाकी रक्कम राज्याची. स्वतः आकारून स्वतः वसूल करण्याजोगे मोठे साधन आता मालमत्ता कराचेच उरले आहे. ज्या उत्पन्नासाठी दर महिन्याला दुसऱ्याकडे पाहावे लागते, त्याच्या भरवशावर वीस वर्षांची योजना आखणे अवघड असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडणुकीचेही तसेच आहे. मे २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ नवी मुंबई महानगरपालिका लोकनियुक्त सभागृहाविना प्रशासकाच्या हाती होती. कोरियातील तीस वर्षांच्या खंडाशी मी त्याची बरोबरी करत नाही. तरी आपण ज्या संस्थांना मराठीत ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ म्हणतो, त्यांत सभागृहच नसेल तर त्या नावातील मधला शब्द गळून पडतो.

प्रश्न : मी खारघरला राहतो. शहराचे नाव नवी मुंबई, पोलीस नवी मुंबईचे, पण महानगरपालिका पनवेलची, गाडीचा क्रमांक एमएच-४६, खासदार मावळचे आणि जिल्हा रायगड. पुढच्याच बेलापूर स्थानकावर उतरले की जिल्हा ठाणे होतो. एका आखणीतून झालेल्या शहराचे असे का झाले, आणि जमिनीच्या कामासाठी आम्ही नेमके कोठे जावे?
(एक वाचक, खारघर)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन आली, पण ती आली नियोजन प्राधिकरण म्हणून. शहराची आखणी एक झाली, महसुली हद्दीला मात्र कोणी हात लावला नाही. ठाणे तालुका ठाणे जिल्ह्यात राहिला आणि उरलेले दोन रायगडमध्ये. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका झाली ती ठाण्याच्या बाजूपुरती, आणि पनवेलची महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी आली. पोलीस आयुक्तालयाने मात्र दोन्ही जिल्ह्यांतील भाग एकत्र घेतला, म्हणून आपले पोलीस ठाणे नवी मुंबईचे आहे.

राजधानीवरील भार हलका करण्यासाठीच वसवलेल्या सेजोंगचे उदाहरण येथे शेजारी ठेवावेसे वाटते. कोरियाच्या घटना न्यायालयाने २००४ मध्ये, घटनादुरुस्तीशिवाय राजधानी सोलहून हलवता येणार नाही असा निर्णय दिला. तेव्हा राजधानीऐवजी प्रशासकीय शहर उभारायचे ठरले. दक्षिण चुंगचोंगमधील योंगी परगणा आणि लगतची काही गावे मिळून १ जुलै २०१२ रोजी सेजोंग हे प्रांताच्या तोडीचे शहर अस्तित्वात आले आणि मंत्रालयांमागून मंत्रालये तेथे गेली. आखलेले सारे शहर एकाच कारभाराखाली आले. राज्य सरकारची कार्यालये खाडीपलीकडे यावीत, अशी नवी मुंबईमागची कल्पनाही होती. विभागीय आयुक्तांचे कोकण भवन बेलापूरला आले, मंत्रालय मुंबईतच राहिले. हद्दीचा प्रश्न तेव्हाच सोडवला असता तर आज आपल्याला हे पत्र लिहावे लागले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता आपल्या कामाविषयी. सातबारा व फेरफाराची कामे पनवेल तहसील कार्यालयाकडे असतात; त्यांवरील अपील पनवेलच्या प्रांतांकडे आणि त्यापुढचे अलिबागला होते. मात्र आपली इमारत सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडावर असेल, तर सदनिकेच्या हस्तांतरणासाठी सिडकोकडे जावे लागेल. जमीन रायगड जिल्ह्यातली असली तरी त्यासाठी जायचे ते सिडको भवन बेलापूरला, ठाणे जिल्ह्यात आहे.