बंदूक डिक्कीत, आपण दर्शनाच्या रांगेत?

प्रश्न : आमच्या ह्यांची बारा बोरची दुनाळी आहे, लायसन्स ह्यांच्याच नावावर. भितरवारला शेत आहे, त्यासाठी घेतलेली. आता झाशीला भाचीचं लग्न निघालंय. हे म्हणतात, बंदूक बरोबर घेऊ, वाटेत दतियाला पीतांबरा पीठात दर्शन करू, तेवढा वेळ डिक्कीत कुलूपबंद राहील. गाडीत कोणी नसताना बंदूक ठेवलेली कायद्यात बसते का?
— एक वाचक, दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, ठेवू नका. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक खोळीत, पूर्ण झाकलेली न्यायची आणि नेणाऱ्याचा तिच्यावर नीट ताबा हवा. झाकायचं काम डिक्की करील, ताब्याचं काय? तुमचे यजमान रांगेत आणि बंदूक पार्किंगमध्ये. ‘कुलूप म्हणजेच ताबा’ असा युक्तिवाद मी वकील म्हणून करीनही, पण फी आगाऊ घेऊन.

त्यात हल्लीच्या उंच गाड्यांना वेगळी डिक्की असते कुठे? काच फोडली, मागची सीट पाडली की हात पोचला. सेडानमध्येही ड्रायव्हरच्या पायापाशी डिक्कीचा खटका असतोच.

मग आळीपाळीने दर्शन घेऊ म्हणाल, तर तेही जमायचं नाही. लायसन्सदार समोर असताना त्याच्यासाठी दुसऱ्याने बंदूक उचलली तर कायदा चालवून घेतो. हे देवळात आणि तुम्ही गाडीत राखण करत बसलात, तर लायसन्स नसताना बंदूक तुमच्या ताब्यात. ड्रायव्हरचंही तेच. लग्नाच्या मॅरेज गार्डनमध्ये गाडी लावायला किल्ली पोऱ्याच्या हातात देतो ना आपण? किल्लीबरोबर बंदूकही दिली म्हणायची.

आता झाशी. लायसन्सवर क्षेत्र काय लिहिलंय ते आधी बघा. ग्वाल्हेर जिल्हाच असेल तर दतियालाही नेता येणार नाही. मध्य प्रदेश असेल तर दतियापर्यंत ठीक, झाशी उत्तर प्रदेशात. शिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक गर्दी इथे खास परवानगीशिवाय शस्त्र न्यायचं नाही, ही अट लायसन्सवरच छापलेली असते. सहसा कोणी वाचत नाही. आमच्या चंबळ भागात वरातीला घोडी नसली तरी चालेल, बंदूक हवी! पण शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेफिकिरीने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा लग्नाला दुनाळी घरच्या तिजोरीतच राहू द्या. तिजोरी नसेल तर शस्त्रं जमा करून घ्यायचा परवाना असलेल्या दुकानदाराकडे ठेवा, पावती घ्या.

शेतावर नेताना मात्र वाटेत डबऱ्याला खत-बियाणं घ्यायला थांबावं लागतं, हे मला कळतं. थांबायची कामं आधी आटपा किंवा दुसऱ्याला पाठवा. यजमानांनी गाडीतून उतरू नये. निघताना घरीच दोन्ही नळ्या उघडून रिकाम्या आहेत ना ते बघायचं, मग दुनाळीचे भाग सुटे करायचे : नळ्या, दस्ता आणि नळ्यांखालचा लाकडी तुकडा. सुटी केलेली दुनाळी कुलपाच्या पेटीत मावते, ती बंदुकीची पेटी आहे हे चारचौघांना कळतही नाही. पेटी पोलादी तारेने सीटच्या सांगाड्याला बांधा. तो लाकडी तुकडा आणि काडतुसं वेगळ्या पिशवीत, यजमानांच्या खांद्याला. तुकड्याशिवाय चोराला दुनाळी धड जोडता येत नाही. एवढं केलं म्हणून गाडी सोडून जायची मुभा मिळत नाही, हे त्यांना दोनदा सांगा.

लायसन्सची प्रत आणि बंदुकीचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. चोरी झालीच तर घरी येऊन विचार करत बसू नका. जिथे झाली तिथल्या सगळ्यात जवळच्या ठाण्यात लगेच कळवणं ही लायसन्सचीच अट आहे. ‘हद्द आमची नाही’ म्हणून ठाण्याला परत पाठवता येत नाही. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.